होस्टेलच्या पाण्याची ड्युटी

कामांची यादी नोटीस बोर्डावर लागली त्या दिवशी नेमकी माझी बस चुकली. अनसिंगच्या फाट्यावर मी पाऊण तास उभी होते. वाशीमला होस्टेलवर पोचले तेव्हा चांगली चांगली कामं वाटून झाली होती. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आमच्या कॉलेजात नुकतीच नीट सुरू झाली होती. ज्यांना गरज आहे त्या मुलींनी रोज तास-दोन तास काम करायचं, असं ते होतं. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात टपाल नोंदवणं, गेटवरचं रजिस्टर सांभाळणं, मेसमध्ये वाढणं, अभ्यासिकेत हजेरी घेणं, प्रत्येक कामापुढे कुणा ना कुणाचं नाव आलं होतं. सगळ्यात खाली एकच शब्द होता, ‘पाणी’, आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती.

“पाणी म्हणजे काय करायचं, मॅडम?” मी विचारलं.

आमच्या रेक्टर मॅडम नगरकडच्या. होस्टेलच्याच तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. साडी कायम इस्त्रीची, बोलणं मोजून मापून. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“गच्चीवर टाक्या आहेत. सकाळी सहाला वर जाऊन बघायचं पाणी किती आहे ते. कमी असलं की चौकीदार काकांना सांगायचं, ते खाली मोटर लावतील. टाकी भरली की तू वरून ओरडायचं, ते बंद करतील. एवढंच.”

“मोटर मीच लावली तर?”

“अजिबात नाही. मुलींनी बटणाला हात लावायचा नाही.”

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. आमची दोन एकर भाजी. वांगी, पालक, मिरची, सांबार. (पुण्या-मुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आमच्याकडे सांबारच म्हणतात, आणि इडलीबरोबरचं सांबार आलं तरी आम्ही नाव बदललेलं नाही.) आठवीत असल्यापासून आमच्या विहिरीवरची मोटर मीच लावत आले होते. लाइन आली की बाबा फावडं घेऊन वाफ्यांकडे आणि मी स्टार्टरकडे, अशी आमची वाटणी होती. मोटरीला पाणी पाजणं, पाइपाचा सांधा आवळणं, गळती शोधणं, सगळं माझ्या हातचं होतं. आणि त्याच कारणानं बाबांनी मला वाशीमला धाडलं होतं. निघताना बसमध्ये पिशवी चढवून देताना ते म्हणाले होते, “या मोटर-पाण्यातून सुट तू आता, बापा. टेबल-खुर्चीचं काम कर.”

म्हणून त्या रात्रीच्या फोनवर मी सांगून टाकलं, “बाबा, मले काम भेटलं. ऑफिसातलं हाये.”

“वा!” ते म्हणाले. एवढ्या खुशीत म्हणाले की खरं काय ते मी राहूच दिलं.

पहिले काही दिवस मी ते काम मान खाली घालून केलं. सकाळी सहाला गच्ची, लोखंडी शिडी, टाकीचं झाकण उचलून आत डोकावणं. थंडीत ती शिडी हाताला चावायची. पण वर उभं राहिलं की अख्खं वाशीम दिसायचं, आणि गावापलीकडे सोयाबीन निघून मोकळी झालेली शेतं. खाली चौकीदार काका मोटरीजवळ स्टुलावर बसलेले असायचे. काका एका कानानं कमी ऐकायचे आणि तोच कान नेमका गच्चीच्या बाजूला करून बसायचे. त्यामुळे मला शेतातला आवाज काढावा लागायचा. विहिरीपासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या पार बांधापर्यंत, हाक पोचवायची सवय होती मला. “बंऽऽद करा, काका!” म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरच्या मुली उशीत डोकं खुपसायच्या. आठवड्याभरात माझं नाव ‘भोंगा’ पडलं.

आमच्या होस्टेलात मुलींना गावावरून हाक मारायची पद्धत होती, त्यामुळे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सगळे ‘जऊळक्याची’ म्हणत. ती जऊळक्याहून रेल्वेनं आली होती. तिचे आईवडील दिवाळी झाली की कामाला बाहेर जायचे ते उन्हाळ्यात परत यायचे, म्हणून सुट्टीतही ती बहुतेक होस्टेलवरच असायची. तिला मेसमध्ये वाढण्याचं काम मिळालं होतं. जेवायच्या वेळी ती डाव हातात घेऊन पातेल्यामागे उभी राहिली की तहसीलदारासारखी दिसायची.

पाण्यावरून मला रोज कुणी ना कुणी बोलायचंच. रविवारी तर विचारू नका. साठ-सत्तर मुली आणि सगळ्यांचा डोकं धुवायचा एकच दिवस. एकदा एक मुलगी केसांना फेस तसाच ठेवून, डोळे मिटून, भिंतीला धरत धरत गच्चीपर्यंत आली होती. “भोंग्या, पाणी कुठी गेलं?” तिनं विचारलं. मी टाकीतून बादलीभर काढून तिथेच तिच्या डोक्यावर ओतलं, तेव्हा तिचं तोंड बंद झालं. पण ज्या मुली जास्त टोचून बोलायच्या, त्यांच्या वाटीत दुसऱ्या दिवशी वरणाचं नुसतं वरचं पाणी पडायचं. मला हे फार उशिरा कळलं. मी जऊळक्याचीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मंग? पाणी पाह्यजे म्हनत होती ना ते? देल्लं.”

मार्चात आमची प्रॅक्टिकलं सुरू झाली. त्या दिवशी पहिल्या बॅचला नऊला कॉलेजात हजर व्हायचं होतं. सकाळी मी वर गेले, टाकी जवळजवळ रिकामी होती. काकांना हाक मारली. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, पण टाकीच्या तोंडाशी पाइपातून थेंब येईना. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग मी नीट कान दिला. पाणी ओढणाऱ्या मोटरीचा आवाज जड असतो, पोटातून आल्यासारखा. हा आवाज पातळ होता, किंचाळणारा. मी शिडीवरून अर्धी उडीच मारली आणि तीन जिने उतरून खाली आले.

“काका, बंद करा! कोरडी चालून राह्यली, जळन!”

“काय म्हनते?”

मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन पुन्हा ओरडले. काकांनी लाल बटण दाबलं खरं, पण तोंड वाकडं केलं. “दमानं येते पानी. तुले काय समजते त्याच्यातलं?”

तोपर्यंत मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री रिसोडला गेला होता, संध्याकाळशिवाय येऊ शकत नव्हता. व्हरांड्यात मुली ब्रश आणि बादल्या घेऊन उभ्या होत्या. काही रडवेल्या, काही उगाच खिदळत होत्या. जमिनीखालच्या हौदात पाणी भरपूर होतं, ते मी झाकण उघडून पाहिलं. म्हणजे रोग दुसराच होता.

“मॅडम,” मी म्हटलं, “फुटबॉल खराब झाला असेल.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “फुटबॉल? मुलींच्या होस्टेलात फुटबॉल कोणी आणला?”

“आणला नाही, मॅडम. हौदात आहे.”

“हौदात फुटबॉल टाकला?” त्यांचा आवाज चढला. “कोणी टाकला? आधी ते सांगा मला!”

मागे मुलींत खसखस पिकली. मला कळेना आपण काय चुकीचं बोललो. शेतावर आम्ही सगळे तेच म्हणतो. हौदात सोडलेल्या पाइपाच्या खालच्या टोकाला एक डबीसारखी वस्तू असते. तिच्यातली झडप पाणी वर येऊ देते, खाली परत जाऊ देत नाही. ती उघडी राहिली की पाइप रिकामा होतो आणि मोटर नुसती हवा ओढत बसते. कंपनीवाले तिला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे तो फुटबॉलच. मी हातवारे करून सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. पण तुला काही झालं तर तुझ्या घरच्यांना मी काय सांगू?”

“मेन स्विच बंद करून करते, मॅडम. मग ते नुसतं लोखंड आहे.”

त्यांनी घड्याळात पाहिलं. मुलींकडे पाहिलं. “काका, मेन स्विच बंद करा,” त्या म्हणाल्या, “आणि तिथेच उभे राहा. कोणालाही हात लावू देऊ नका.”

काकांच्या पेटीत पाना होता. मी सलवार खोचली, ओढणी कमरेला बांधली आणि मोटरीजवळ बसले. पाइपाचा सांधा गंजला होता, हलेना. जऊळक्याची मेसमधून गोडं तेल घेऊन आली, ते सोडलं, मग मी पान्यावर पाय देऊन जोर केला तेव्हा कुठे तो सुटला. दोघी-तिघींनी मिळून पाइप हौदातून वर ओढला. सगळ्या वाकून बघत होत्या. फुटबॉलच्या झडपेत एक गुलाबी चकचकीत तुकडा अडकला होता. मी तो ओढून काढला. शाम्पूची पुडी होती, कोपरा दातानं फाडलेली.

हौदाशेजारीच कपडे धुवायची जागा. झाकण कुणीतरी उघडं ठेवलं आणि पुडी आत गेली. मॅडमनी ती पुडी दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर फिरवली. “कोणाची?” सत्तर मुलींतली एकही त्या दिवसापासून गुलाबी पुडीचा शाम्पू वापरत नव्हती.

पाइप परत खाली सोडला आणि मी सांधा जोडायला बसले. हात तेलकट, कपडे चिखलाचे. एवढ्यात मागून आवाज आला, “पाना उलटा धरला तू.”

मी मान न वळवताही ओळखलं. बाबा होते. बाजाराच्या दिवशी सकाळी भाजी घेऊन ते वाशीमला यायचे, बोली आटोपली की जाताना गेटवर माझ्यासाठी पिशवी ठेवून जायचे. आत कधी येत नसत, येऊ देतच नसत. आज काका मोटरीशी होते, गेटवर कुणी नव्हतं, आणि आतून कालवा ऐकू आला म्हणून ते चालत आले होते. हातात वांग्यांची आणि सांबाराची पिशवी, टोपी मागे सरकलेली.

मला जमीन फाटली तर बरं असं झालं. मी पाना सरळ केला.

मॅडमना ते माझे वडील आहेत हे कळलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. “बरं झालं तुम्ही आलात. तुम्हीच करा ना हो तेवढं.”

बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि मॅडमना म्हणाले, “तिचं काम हाये ना, बाई? मंग तिलेच करू द्या.”

आणि ते हौदाच्या काठावर उकिडवे बसले. मी आवळत होते, ते बघत होते. सांधा बसला तरी फटीतून हवा जाईल अशी जागा राहिली होती, ती त्यांना बसल्या जागेवरून दिसली. पिशवीचं तोंड त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं होतं. ती त्यांनी सोडली आणि माझ्यापुढे धरली. “हे गुंडाळ. कसून. दोन वेढे उलटे दे.”

मी गुंडाळली. मोटरीच्या वरचं बूच उघडलं, जऊळक्याची मेसच्या माठातून तांब्या तांब्यानं पाणी आणून देत होती, ते मी ओतत गेले. चार तांबे खाली गेले, पाचवा काठाशी येऊन थांबला. पाणी उतरत नव्हतं. म्हणजे झडप धरत होती. बूच आवळलं आणि काकांना खूण केली. मेन स्विच चालू झाला. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, “दाब तूच.”

मी हिरवं बटण दाबलं. आधी तोच पातळ आवाज आला, मग मोटरीनं एकदा घोट घेतल्यासारखं केलं आणि आवाज जड झाला. जऊळक्याची कधीच गच्चीवर पळाली होती. वरून तिचा आवाज आला, “आऽऽलं! आलं वो माय, आलं!” व्हरांड्यातल्या सगळ्या मुली ओरडायला लागल्या. इतक्या की काकांनीसुद्धा मान वळवून विचारलं, “काय झालं?”

पहिली बॅच नऊला पाच कमी असताना कॉलेजात पोचली. निम्म्या मुलींचे केस ओले होते.

मॅडमनी बाबांना मेसमध्ये चहा दिला. त्यांनी आणलेली वांगी मेसच्या काकूंनी हातात घेऊन दाबून पाहिली आणि “बी कमी हाये” असं प्रमाणपत्र दिलं. नंतर मी बाबांना सोडायला गेटपर्यंत गेले. ते मोटरसायकलला किक मारेनात.

“ऑफिसात हाये म्हनली होती तू.”

“हाव.”

“खोटं काहून बोलली?”

“तुमीच म्हनले ना, मोटर-पाण्यातून सुट म्हनून.”

त्यांनी टोपी सारखी केली. “म्या म्हनलो होतो,” ते म्हणाले. “पन तुले हात लावल्याबिगर करमत नाई, हे बी मले मालूम हाये. काम काय बी कर. मले खोटं नोको सांगू. गावात मी सांगत फिरून राह्यलो, पोरगी ऑफिसात हाये म्हनून. आता काय सांगू लोकाले?”

“सांगा, सत्तर पोरींले पाणी पाजते.”

त्यांना हसू यायला लागलं होतं, पण ते हसले नाहीत. पुढचे आठ-दहा दिवस फोन आईच उचलायची. बाबा मागून काहीतरी बोलायचे, पण फोनवर यायचे नाहीत. मला ते फार लागलं. मग एके दिवशी त्यांचाच फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाले, “आपली मोटर आवाज करू राह्यली, आईक बरं,” आणि त्यांनी फोन मोटरीजवळ धरला. मी ऐकलं आणि सांगितलं, “बेअरिंग गेली.” “मलेबी तसंच वाटलं,” ते म्हणाले, आणि आमचं सुरळीत झालं.

इकडे होस्टेलात माझा भाव वाढला होता. संध्याकाळी मिस्त्री आला तेव्हा “कोणं हात लावला?” म्हणून आधी चिडला, मग सांधा तपासून ट्यूबच्या पट्टीकडे बघत बसला आणि म्हणाला, “शेतकऱ्याचं काम दिसते.” मॅडमनी बटणाची परवानगी मला लेखी दिली, शिक्क्यासह. मदतीला पहिल्या वर्षाच्या दोन मुली दिल्या. भोंगा म्हणायच्या त्याच मुली आता म्हणायच्या, “भोंगाताई, जरा आमच्या नळाकडं पाहा ना.” मीही ते मिरवत नव्हते असं नाही. ती शाम्पूच्या पुडीची गोष्ट मी महिनाभरात इतक्यांदा सांगितली असेल की तिच्यात माठातले पाच तांबे होते ते पंधरा झाले होते.

आणि त्याच गोष्टीनं माझा घात केला. एप्रिलातली गोष्ट. मॅडमच्या लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि तिच्या सासरी पाठवायला मॅडमनी कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून, पहाटे उठून मेसच्या काकूंच्या मदतीनं त्यांनी गच्चीवर चादरींवर पांढऱ्याशुभ्र कुरडया ओळीनं घातल्या होत्या. मी सकाळी त्या पाहिल्या होत्या. मोटर लावली, आणि टाकी भरायला वीस मिनिटं लागतात म्हणून खाली जिन्यात बसले. दोन नव्या मुलींनी विचारलं, “ताई, ते फुटबॉलचं काय झालं होतं वो?”

मी सुरू झाले. मॅडमचा आवाज काढून दाखवला, काकांचा काढला. गोष्टीत बाबा येतात तिथवर मी पोचले तेव्हा मुलींचे डोळे पाणावले होते. तेवढ्यात जिन्यावरून पाणी उतरायला लागलं. आधी एक पायरी, मग दुसरी. कोणीतरी म्हणालं, “हे कुठून येऊन राह्यलं?” आणि मी बटणाकडे धावले.

उशीर झाला होता. टाकीचं जास्तीचं पाणी गच्चीभर पसरलं होतं आणि चादरी त्यात तरंगत होत्या. जऊळक्याचीनं एक चादर चारी कोपऱ्यांनी धरून खाली आणली. मध्ये पांढरा लगदा होता.

“पाह्य,” ती म्हणाली, “लापशी झाली.”

मॅडमनी ती चादर पाहिली. खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी दारात जाऊन उभी राहिले. पाऊण तासानं दार उघडलं.

“मॅडम, माझी चूक झाली. मी ड्युटी सोडते.”

“ड्युटी सोडून काय होणार?” त्या अगदी सपाट आवाजात म्हणाल्या. “कुरडया परत येणार आहेत का?” त्या मला रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मार्ग मेसच्या काकूंनी काढला. “रडून का होते? गहू भिजवा. कुरोड्या काय चंद्रावरून आनाच्या हायेत?” मी घरी फोन केला. आईनं आधी पोटभर शिव्या दिल्या, मग सगळी रीत सांगितली, रोज पाणी बदल, ते तरी विसरू नकोस, आणि बाजाराच्या दिवशी बाबांबरोबर चांगला गहू धाडला. मॅडमना न सांगता आम्ही तो मेसच्या मोठ्या पातेल्यात भिजत घातला. तिसऱ्या दिवसापर्यंत सबंध मेसला आंबूस वास सुटला. मॅडमच्या नाकाला तो कळला नसेल असं शक्यच नव्हतं, पण त्यांनी काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जणी गच्चीवर जमलो. मोटर बंद, मेन स्विच बंद, शिवाय काका स्विचजवळ. काकूंनी चीक शिजवून वर आणला आणि सोऱ्या माझ्या हातात दिला. पाना चालवणं वेगळं आणि सोऱ्या दाबणं वेगळं. माझी पहिली कुरडई सापासारखी लांबट झाली, दुसरी तुटली. मुली हसून हसून लोळत होत्या.

तेवढ्यात मॅडम वर आल्या. पदर खोचलेला. त्यांनी माझ्या हातातून सोऱ्या घेतला आणि मांडी घालून खाली बसल्या. गोल, एकसारखी कुरडई त्यांच्या हाताखाली फिरत गेली. दोन-तीन ओळी झाल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या.

“मी पण होस्टेलात काम करायचे. जेवणाची घंटा वाजवायचे.”

मॅडम कधी होस्टेलात राहिल्या असतील हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“एकदा घड्याळ चुकलं आणि तासभर आधी वाजवली,” त्या म्हणाल्या. “दीडशे मुली ताटं घेऊन रांगेत, आणि आत पोळीचा पत्ता नाही. आमच्या रेक्टर बाईंनी मला कणकेच्या परातीपुढे बसवलं. त्या दिवशी मी किती पोळ्या लाटल्या, विचारू नका. आजही घंटा ऐकली की हात दुखतात.”

“मंग तुमी सोडलं का काम?” जऊळक्याचीनं विचारलं.

“सोडते कशाला? दुसऱ्या दिवसापासून दोन घड्याळं बघायला लागले.”

त्या हसल्या. आम्ही त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. मग सोऱ्या एकीकडून दुसरीकडे फिरत गेला, प्रत्येकीची एकेक ओळ झाली आणि कुणाची ओळ कुठली ते लांबूनही ओळखू येत होतं. लेकीच्या सासरी पाठवायच्या त्या मॅडमनी वेगळ्या घातल्या. आमच्या वेड्यावाकड्या मेससाठी राहिल्या.

पातेल्याच्या तळाशी गरम चीक उरला होता. काकूंनी तो वाट्यांत काढला. मॅडमनी आपल्या वाटीत दूध आणि साखर घातली. जऊळक्याची ते बघून हादरलीच. “अवो मॅडम, चिकात साखर? तेल-तिखट घ्या!” मॅडम म्हणाल्या, चीक दुधाबरोबरच खायचा असतो, सगळ्या नगर जिल्ह्यात तसाच खातात. काकू म्हणाल्या, नगर जिल्ह्यात खात असतील, इथी नाई चालत. मग दोन तट पडले. एकीकडे मॅडम एकट्या आणि एकीकडे आम्ही सगळ्या. ऊन डोक्यावर आलं, चादरींच्या कडा वाळल्या, तरी तो वाद काही मिटला नाही.